मुलगा सगळ्या बाजूंनी चांगला आहे, पण दिसायला आवडला नाही. एवढ्यावरून नाही म्हणू का?

आसरा_चौक (प्रश्न)

नमस्कार. मी २९ वर्षांची, सीए. घर जुळे सोलापुरात. नवी पेठेत ज्या सरांकडे आर्टिकलशिप केली त्यांच्याच ऑफिसात आता काम करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची बरीचशी ऑडिटं माझ्याच टेबलावर असतात. घराच्या हप्त्यातला अर्धा वाटा माझा. हे आधी सांगितलं, कारण पुढचा प्रश्न त्यालाच जोडलेला आहे.

गेल्या रविवारी एक स्थळ येऊन गेलं. मुलगा ३२ वर्षांचा, पशुवैद्यक, सरकारी नोकरी, मोहोळ तालुक्यात पोस्टिंग. गाव मंगळवेढा, घरची ज्वारीची शेती, आई शिक्षिका. देण्याघेण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही, पत्रिकाही बघायची नाही म्हणाले. लग्नानंतर मी सोलापूर सोडणार नाही, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग मीच जाऊन-येऊन करीन, मोहोळ काय लांब आहे." आईने माझ्याकडे असं बघितलं की आता हिला अजून काय पाहिजे.

पोहे झाल्यावर आम्हाला गॅलरीत बोलायला पाठवलं. पाऊण तास बोललो. त्याने एका रात्रीची हकीकत सांगितली. वस्तीवर एक पंढरपुरी म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलेलं. शेतकऱ्याची लहान मुलगी बॅटरी धरून उभी होती आणि हा तीन तास खांद्यापर्यंत हात आत घालून रेडकू फिरवत होता. कळ आली की हात पिळून निघतो म्हणाला. रेडकू गेलं, म्हैस वाचली. सांगता सांगता त्याने शर्टाची बाही वर सरकवली. दंडावर अजून निळसर वळ होता. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, हात स्वच्छ. बोलण्यात फुशारकी नावाला नाही. मला माणूस आवडला. मनापासून सांगते, आवडला.

पण दिसायला नाही आवडला. लिहिताना वाईट वाटतंय, तरी लिहिते. पोट सुटलेलं, कपाळावरचे केस मागे गेलेले, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, खांदे वाकवून बसायची सवय. उंची जेमतेम माझ्याएवढी. मोबाईलवर शेताचे फोटो दाखवायला तो जवळ आला, तेव्हा माझ्या मनात काहीच हललं नाही. शेजारचा दादा उभा असावा तसं वाटलं.

आई म्हणते, पुरुषाचं रूप काय चाटायचंय? आत्याने फोनवर अर्धा तास तेच ऐकवलं. सगळ्यात लागलं ते मैत्रिणीचं बोलणं. ती म्हणाली, "एवढी शिकलीस आणि शेवटी रूपच बघतेस?" जणू शिकलं की डोळे मिटायचे असतात. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "रोज तोंड तुला बघायचंय, मला नाही. तू ठरव."

मी यावर खूप विचार केला. माझ्या आईला लग्नात नवऱ्याचा पगार बघावाच लागला, कारण तिच्या हातात स्वतःचं काही नव्हतं. रूप बघणं तिला परवडणारं नव्हतं. मला त्याच्या पगाराची गरज नाही, घराची नाही, नावाची तर मुळीच नाही. मग मी लग्न करायचं ते कशासाठी? सोबतीसाठी. आणि त्या सोबतीत शरीर येत नाही का? माझ्या बरोबरीच्या, कमावत्या मुली आता रूपाबद्दल बोलायला लागल्यात ते त्या उथळ झाल्या म्हणून नाही, असं मला वाटतं. आधी ज्या गोष्टींसाठी रूप सोडून द्यावं लागायचं, त्या आता आम्ही स्वतःच मिळवतो.

पण हे मी ठामपणे म्हणू शकत नाही, आणि त्याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा पुण्याच्या आयटीतला एक मुलगा बघायला आला होता. दिसायला इतका देखणा की माझी चुलत बहीण आतल्या खोलीतून तीनदा पाणी घेऊन बाहेर आली. तो दीड तास उशिरा आला. मला म्हणाला, "जीएसटी म्हणजे डेटा एंट्रीच ना?" आणि मी हसले. ऑफिसात कुणी असं बोललं असतं तर मी तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्याच्या बाबतीत मात्र आईला सांगत राहिले की ट्रॅफिक असेल, गमतीने म्हणाला असेल. चार दिवसांनी मध्यस्थांचा निरोप आला, "मुलगी हुशार आहे, पण रंगाने जरा डावी पडते." मी आठ दिवस रडले. तेव्हा मी म्हणाले होते की माणसाला कातड्यावरून नाकारणाऱ्या घरात मला जायचंच नाही.

आणि आज मी कशावरून नाकारतेय?

गणपती चालू आहेत. पितृपक्ष लागायच्या आत उत्तर द्या, असा त्यांचा निरोप आहे. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्या कारणावरून नाही म्हणायचा मला हक्क आहे का? आणि हे जे वाटलं नाही, ते नंतर वाटायला लागतं का? उपदेश नको, ज्यांच्या बाबतीत घडलंय त्यांनी खरं सांगा.

निवृत्त_बाई

बेटा, मी ६८ वर्षांची आहे. याच शहरात ३३ वर्षं शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलं. वर्गात एक सुभाषित सांगायचे, "कन्या वरयते रूपम्..." मुलगी रूप पसंत करते, आई पैसा बघते, बाप विद्या बघतो, भाऊबंद कूळ बघतात आणि बाकीच्यांना जेवणातलं गोड पाहिजे असतं. म्हणजे मुलगी रूप बघते हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. शिकल्यामुळे काही नवीन खूळ आलेलं नाही. हक्काचं विचारलंस म्हणून हे आधी सांगितलं. हक्क आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना हात थरथरतोय, पण तू खरं सांगा म्हणालीस.

माझं लग्न १९७९ साली झालं. मी बीए बीएड होते, नोकरीला लागलेली. बघायला आले तेव्हा मी मान वर केली नाही, नजरेला पडल्या त्या फक्त त्यांच्या कोल्हापुरी चपला. अंतरपाट खाली आला तेव्हा चेहरा पहिल्यांदा बघितला. माणूस देवासारखा होता. एकाही शब्दाने दुखावलं नाही, पगाराचं पाकीट न फोडता हातात दिलं, माझ्या बदलीच्या गावी आठवड्याला एसटीने धक्के खात आले. शेवटचं दीड वर्ष ते अंथरुणाला खिळले, मी सगळं केलं, एकदाही जड वाटलं नाही.

माया आली. आदर तर पहिल्या वर्षीच आला. पण तू जे विचारतेस ते आलं नाही. कित्येक वर्षं मी भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि त्यांना ते कळत होतं. दोघंही कधी बोललो नाही. आज वाटतं, हा अन्याय माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त झाला. त्यांनाही आपल्याकडे ओढीने बघणारी बायको मिळायला हवी होती.

माझ्या धाकट्या बहिणीचं नेमकं उलट झालं. तिला नवरा अजिबात पसंत नव्हता, लग्नात रडत होती. वर्षाच्या आत ती त्यांच्या पावलांच्या आवाजाने ओळखायची की ते जिन्यापाशी आले. त्यामुळे येतंच असंही मी सांगणार नाही आणि येत नाही असंही नाही. फक्त "होईल सवय" असं कुणी म्हणालं, तर त्यांना विचार, तुम्हाला झाली का. आणि उत्तर देण्याआधी ते किती वेळ थांबतात ते बघ.

आसरा_चौक

बाई, दोनदा वाचलं. माझ्या डोक्यात एवढा वेळ मीच होते. त्यालाही ओढीने बघणारी बायको हवी असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

शनिवारची_हुतात्मा

मी दुसऱ्या बाजूचा. वय ३४, मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात नोकरी. शनिवार-रविवार हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येतो ते बहुतेक मुली बघायलाच. २६व्या वर्षापासून केस जायला लागले, आता टक्कल आहे. आजपर्यंत १९ घरं झाली.

आसरा_चौक, तुम्हाला हक्क आहे. मला राग येणार नाही. पण नाही म्हणायचं असेल तर ते कसं म्हणता, त्याने फार फरक पडतो. मला आलेले निरोप सांगतो. एकांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं, २६ गुण जुळत होते. एकांची मुलगी इतक्यात लग्नच करणार नव्हती, दोन महिन्यांनी तिच्या साखरपुड्याचे फोटो बघितले. काहींनी तर तीन-तीन आठवडे "कळवतो" म्हणून ताटकळत ठेवलं. दरवेळी घरी आई देवापुढे बसायची आणि मी सोमवारी ऑफिसात फोन हातात घेऊन बसायचो.

एकाच मुलीने स्वतः फोन केला. म्हणाली, "तुमच्याशी बोलायला आवडलं, पण मला तुमच्याबद्दल तशी ओढ वाटली नाही. खोटं कारण सांगायचं नव्हतं म्हणून मीच फोन केला." दोन दिवस जेवण गेलं नाही. पण बाकीच्या १८ नकारांचा मी रात्री-अपरात्री कीस पाडत बसतो, तिचा नाही. तिच्यात कीस पाडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अजून एक कबूल करतो. माझ्या बायोडाट्यात "अपेक्षा" या रकान्यात "गोरी, सडपातळ" असं लिहिलेलं होतं. बहिणीने टाईप केलं होतं, मी वाचलं आणि तसंच राहू दिलं. पाच वर्षं तो कागद फिरत होता. माझ्या केसांवरून कुणी नाकारलं की मला वाटायचं, या मुलींना माणूस दिसतच नाही. माझ्या कागदावरच्या त्या दोन शब्दांनी कुणाच्या घरी कोण आठ दिवस रडलं असेल, हे तुमचा प्रश्न वाचेपर्यंत मनात आलं नव्हतं. काल रात्री ते शब्द काढून टाकले.

मेळाव्याची_काकू

मी समाजाच्या वधू-वर मेळाव्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. स्पष्ट बोलते, राग मानू नये. पूर्वी मुलीकडचे पगार, शेती, घर एवढंच विचारायचे. आता मुली स्वतः येतात आणि म्हणतात, उभा फोटो द्या, आधी व्हिडिओ कॉल करू. चांगली चांगली पोरं बाजूला पडतात. ३०च्या पुढे स्थळं कमी होतात हे मी रजिस्टरात रोज बघते. हा मुलगा सोडू नको. दात नीट करता येतात, पोट कमी करता येतं, स्वभाव बदलता येत नाही.

आसरा_चौक

काकू, राग नाही. पण मुलाकडचे कितीतरी वर्षं मुलींचा उभा फोटो मागतात, चालून दाखव म्हणतात, माझ्या मावशीला तर केस सोडून दाखवायला लावले होते. ते कुणाला खटकलं नाही. आणि दात नीट करून घेईल या आशेवर लग्न करणं मला बरं वाटत नाही. त्याला बदलायच्या अटीवर हो म्हणणं म्हणजे नाहीच म्हणणं की.

मानसशास्त्र_शिकवतो

सोलापुरातच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. नेमका हा विषय वर्गात निघाला की मुली एकदम गप्प होतात आणि तास संपल्यावर एकेकटी येऊन विचारतात. म्हणून जरा लांबण लावतो.

१९६६ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ७५२ मुलामुलींसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवला होता. संगणक तुमचा योग्य जोडीदार शोधेल असं त्यांना सांगितलं. प्रत्यक्षात जोड्या चिठ्ठ्या टाकाव्या तशा लावल्या होत्या. संशोधकांकडे प्रत्येकाची बुद्धी, स्वभाव, गुण यांची माहिती होती. मध्यंतरात विचारलं, जोडीदार आवडला का, पुन्हा भेटाल का? उत्तर ठरलं ते जोडीदाराच्या दिसण्यावर. बुद्धी, स्वभाव यांचा फारसा संबंध लागला नाही. आणि मुलींचंही मुलांसारखंच.

मग १९८९ साली डेव्हिड बस यांनी ३७ संस्कृतींमधल्या दहा हजारांवर लोकांना जोडीदारात काय हवं ते विचारलं. भारतही त्यात होता. पुरुषांनी रूपाला स्त्रियांपेक्षा जास्त गुण दिले, स्त्रियांनी कमाईला आणि कष्टाळूपणाला जास्त दिले. तुमची आई आणि आत्या जे बोलतात ते यातच बसतं. पण हे कागदावर विचारलेलं. २००८ साली ईस्टविक आणि फिंकेल यांनी कॉलेजच्या मुलामुलींना चार-चार मिनिटं समोरासमोर बसवलं. आधी कागदावर मुलींनी रूपाला कमी आणि कमाईला जास्त महत्त्व दिलं होतं. माणूस समोर आल्यावर मात्र मुलं आणि मुली यांच्यातला तो फरक उरला नाही. तेव्हा मैत्रिणीला सांगा, तुम्ही जगावेगळं काही करत नाही. फरक एवढाच की तुम्ही ते कबूल केलं.

पुण्याच्या मुलाचं जे झालं त्यालाही जुना आधार आहे. १९७२ साली डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी लोकांना फक्त फोटो दाखवले. देखणे चेहरे बघून लोकांनी परस्पर ठरवलं की ही माणसं स्वभावाने चांगली असणार, यांचे संसार सुखाचे असणार. तुम्ही "ट्रॅफिक असेल" म्हणालात ते हेच. एका चांगल्या गोष्टीचा उजेड बाकी सगळ्यावर पडला. आता उलट बाजूने स्वतःला तपासा. या मुलाच्या दातांची सावली त्याच्या इतर गोष्टींवर पडतेय का? तुमच्या लिहिण्यावरून तरी मला तसं वाटलं नाही. म्हैस आणि दंडावरचा वळ तुम्ही विसरला नाहीत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं ते २०१५ सालचं काम. १६७ जोड्या घेतल्या. जे ओळख झाल्याबरोबर लगेच एकत्र आले, त्यांचं रूप साधारण एकमेकांच्या तोडीचं होतं. जे आधी बराच काळ नुसते ओळखत होते किंवा मित्र होते, त्यांच्यात रूपाची तफावत चालून गेली होती. वेळ मिळाला की प्रत्येकाची नजर आपापली होते. जगाला साधा वाटणारा चेहरा एखाद्याला साधा वाटेनासा होतो. आपला पोह्यांचा कार्यक्रम मात्र त्या १९६६ च्या नाचासारखा आहे. पाऊण तासात दुसरं काही दिसतच नाही, म्हणून जे दिसतं त्याचंच वजन वाढतं.

हे प्रयोग बहुतेक अमेरिकेतल्या तरुणांवरचे आहेत. तिथे सोफ्यावर आत्या बसलेली नसते. आपल्याकडचं एक काम आहे. बॅनर्जी, डुफ्लो, घटक आणि लाफॉर्च्युन यांनी कोलकात्यात वर्तमानपत्रात लग्नाच्या जाहिराती देणाऱ्या घरांचा अभ्यास केला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. स्वजातीची पसंती तिथे इतकी जबर निघाली की शिक्षणातला मोठा फरकही तिच्यापुढे टिकत नव्हता. म्हणजे रूपाचा प्रश्न आपल्याकडे येतो तो जातीच्या चाळणीतून आधीच गाळून आलेल्या चार माणसांपुरता. मैत्रीतून ओळख वाढायला जी मोकळीक लागते, ती आपण मुलींना देत नाही, आणि मग त्यांनी पाऊण तासात रूप बघितलं म्हणून त्यांनाच बोल लावतो. मला याचा खरोखर संताप येतो.

त्वचेची_डॉक्टर

वय ४१, होटगी रोडला दवाखाना आहे. आधी एक दवाखान्यातली गोष्ट सांगते, कारण मुलींना ती कळत नाही. तुळशीच्या लग्नाआधीच्या दोन महिन्यांत माझ्याकडे मुलींइतकीच मुलं येतात. आईबरोबर येतात, खाली मान घालून बसतात. "मॅडम, दिवाळीनंतर मुली बघायच्यात, तोवर केस येतील का?" आनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिलने फरक दिसायलाच चार-सहा महिने जातात, आणि औषध थांबवलं की केस पुन्हा जातात, हे सांगितलं की चेहरा पडतो. काहीजण तोंड उजळायला मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूब आणून महिनोन् महिने चोळून येतात. कातडी पातळ, लालभडक, मुरमांनी भरलेली. जो काच आपण मुलींना दिला तोच आता मुलांच्या मानेवर आलाय, आणि मला त्यात बरोबरी झाल्याचा आनंद वाटत नाही.

आता तुझ्याबद्दल. "आवडला नाही" यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत करू नको. एक म्हणजे काहीच न वाटणं. दुसरी म्हणजे नको वाटणं. अंग चोरून घ्यावंसं वाटणं, त्याचा वास नकोसा होणं, त्याने हात पुढे केला तर आपला मागे घ्यावासा वाटणं. दुसरी गोष्ट असेल तर थांबू नको, आजच नाही म्हण, कितीही चांगला माणूस असो. अशा लग्नातल्या बायका मी बघते. अंगावर पित्त उठतं म्हणून येतात, तपासण्यांत काही निघत नाही, चौथ्या भेटीत रडतात.

पहिली गोष्ट असेल तर मात्र पाऊण तासावर भरवसा ठेवू नको. तू लिहिलंस, शेजारचा दादा उभा असावा तसं वाटलं. मागे सरकावंसं वाटलं का, ते तू लिहिलं नाहीस. मला तेवढंच ऐकायचंय.

माझं सांगते. एमबीबीएसला असताना एका वर्गमित्राकडे चार वर्षं मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. इंटर्नशिपला एका रात्री कॅज्युअल्टीत एक म्हातारी दगावली. तो तिच्या मुलासमोर जमिनीवर उकिडवा बसला आणि घाई न करता सगळं समजावून सांगितलं. तेव्हा मी त्याची मान बघितली. पाठमोरी, घामाने भिजलेली. का ते सांगता येणार नाही, पण ती मान मला फार सुंदर वाटली. १४ वर्षं झाली लग्नाला. तुला ती रात्र मिळालेली नाही. मिळण्याइतका वेळ मागून घे.

आसरा_चौक

डॉक्टर, तुमचा प्रश्न घेऊन रात्रभर जागी होते. मागे सरकावंसं वाटलं नव्हतं. उलट शेताचा फोटो नीट दिसेना म्हणून मीच वाकून बघितलं होतं.

आसरा_चौक (दहा दिवसांनी)

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत, म्हणून पुढचं सांगणं माझं काम आहे.

मी आईला सांगून त्याला स्वतः फोन केला आणि पुन्हा भेटायचं म्हटलं, पण घरी नको. गुरुवारी संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात भेटलो. मग तळ्याच्या कडेला बसलो. मी कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "एक विचारू? मी तुम्हाला दिसायला आवडलो नाही ना?"

शनिवारची_हुतात्मा यांचा फोनवाला प्रसंग डोक्यात होता. मी म्हणाले, "माणूस म्हणून आवडलात. तसे नाही आवडलात, अजून तरी."

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं बोललात. मला तुम्ही बघताक्षणी आवडलात. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी लगेच हो म्हणालो ते निम्मं आईच्या आनंदासाठी. तुमच्या कामातलं मला काही कळत नाही, तुम्ही चिडल्यावर कशा असता ठाऊक नाही. मलाही घाईच झाली होती." मला वाटलं होतं, त्याला वाईट वाटेल आणि तो उठेल. वाईट वाटलं हे दिसत होतं. उठला नाही.

मग मी एका कारखान्याच्या स्टॉकची गंमत सांगितली. गोडाऊनमध्ये चादरींचे गठ्ठे मोजायला गेले आणि मागच्या रांगेत गठ्ठ्यांच्या आत भुसा भरलेला निघाला. तो मोठ्याने हसला, आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली. पहिल्या दिवशी तो पूर्ण वेळ हसताना तोंडावर हात घेत होता. दात दिसू नयेत म्हणून. खांदे वाकवून बसायचा तेही त्याच्यामुळेच असावं. भुशाच्या गोष्टीला हात वर न्यायचं तो विसरला. मी त्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

काही जादू झाली नाही. बाईंनी विचारलं असतं तर मी आजही तेच सांगितलं असतं, अजून नाही. पण "अजून" हा शब्द मी त्याच्यासमोर नुसता भिडेपोटी वापरला होता. घरी येताना रिक्षात वाटलं की तो खरा आहे.

पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात बोलणी पुढे न्यायची नसतात, त्यामुळे दोन्हीकडची घाई आपोआप थांबली. माझी ३० सप्टेंबरची ऑडिटं आहेत, त्याचं लाळ्या-खुरकुताचं लसीकरण चालू आहे. तीस तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी मी मोहोळला जाणार आहे, त्याचा दवाखाना बघायला. त्याने सांगितलंय, चांगल्या चपला घालून येऊ नका.

काल मध्यस्थ काकांचा पुन्हा फोन आला. आईने फोन हाताने झाकून मला विचारलं, "काय सांगू गं त्यांना?"

मी म्हणाले, "सांग, बोलतायत."